पिवळ्यांना पिवळीच होतात

२ मार्च, सकाळ
निवृत्तीनंतरचा पहिला दिवस. नेहमीच्या वेळेला जाग आली. दाढी केली, बूट घातले, अंगणात जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं बूट काढले.

आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. माणसानं आपल्या हालचालींवर लक्ष ठेवावं म्हणून.

इतकी वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात शेड जुळवली. गिऱ्हाईक चिंधी घेऊन यायचं. मी उजेडात धरायचो आणि सांगायचो, यात पिवळा जरा जास्त आहे, निळ्याचा नुसता वास. शेवटी शेवटी मशीन आलं. चिंधी आत घातली की आकडे बाहेर. मशीन चांगलं आहे. मशीनबद्दल मला काहीही म्हणायचं नाही.

संकल्प: स्वस्थ बसणे. मागच्या फाटकाला कडी बसवणे.

३ मार्च
स्वस्थ बसलो. बायको ड्यूटीवरून आली (ती हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर आहे) आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे कोणी हलवले म्हणून विचारलं. रंगाप्रमाणे लावलेत, गडदकडून फिक्याकडे, असं सांगितलं. तिनं फक्त साखर कुठे आहे एवढंच विचारलं. ती मलाही सापडली नाही.

कडी: उद्या.

७ मार्च
लेकीचा फोन. ती परगावी ट्रेनिंगला आहे, म्हणून तिची कुत्री आमच्याकडे. लॅब्रॅडॉर. पिवळी, अंगानं भरलेली, चालणं असं की समोरच्यानं बाजूला व्हावं. म्हणून सगळे तिला बाईसाहेब म्हणतात.

लेक म्हणाली, बाबा, बाईसाहेबांचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्यायचंय, डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय, तुम्ही फक्त घेऊन जायचं.

फक्त! ज्यानं नुसती मान हलवली की एके काळी कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे हलायचे, त्याला आता 'फक्त घेऊन जा'. हो म्हटलं.

११ मार्च
घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, ही माजावर आली आहे, आत्ता ऑपरेशन नको, दोन-तीन महिन्यांनी आणा. तोवर घराबाहेर मोकळी सोडायची नाही. फाटक नीट बंद ठेवायचं. दोनदा म्हणाल्या. मी काय लहान आहे?

पण आजचा दिवस महत्त्वाचा. वाट बघताना समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचला. कुत्र्यांचे रंग कसे ठरतात. एकदा वाचला, मग उभं राहून वाचला. आमचा नंबर आला तरी वाचत होतो, मागच्या मांजरवाल्या बाईंनी खांद्याला हात लावला.

सगळ्या कुत्र्यांच्या केसांत रंग दोनच. एक काळा, एक पिवळा. जगातली झाडून सगळी कुत्री या दोन डब्यांतून रंगवलेली. आणि आमच्या कारखान्यात कपाटं भरून डबे होते!

१२ मार्च
काल झोप लागली नाही. आनंदानं. मोबाइलवर वाचत होतो. इथे नीट मांडून ठेवतो.

प्रत्येक पिल्लाला प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी आईकडून एक आणि बापाकडून एक मिळते. पहिली चिठ्ठी: काळा डबा खरंच काळा की तपकिरी. दोन्हींतली एक जरी 'काळा' म्हणाली तरी काळा. तपकिरी व्हायला दोन्ही चिठ्ठ्या तपकिरीच लागतात. तपकिरी भिडस्त आहे. एकटं असलं की गप्प बसतं, पण जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या आत बसून राहतं.

दुसरी चिठ्ठी म्हणजे खरी गंमत. तो काळा केसावर चढू द्यायचा की नाही. मला हे एका दमात कळलं, कारण आमच्याकडे तुरटी होती. तुरटी नसेल तर हौदात कितीही रंग असू दे, सुतावर धरत नाही. कुत्र्यात तसंच. 'चढू दे' अशी एक चिठ्ठी जरी आली तरी काळा चढला. दोन्ही 'नको' आल्या तर रंग आतच राहतो आणि कुत्रं पिवळं दिसतं. बाईसाहेबांचं नाक बघा. काळं कुळकुळीत! म्हणजे काळा डबा भरलेला आहे, फक्त केसांना तुरटी नाही.

आता यातून काय निघतं? पिवळ्या आईकडे 'चढू दे' ही चिठ्ठीच नाही. पिवळ्या बापाकडेही नाही. जे जवळ नाही ते देणार कुठून? म्हणून पिवळ्यांना पिवळीच होतात. सगळी. नेहमी. कारखान्यात मी उभ्या जन्मात अशी खात्री कोणत्याही रंगाची दिली नव्हती.

बायकोला पहाटे उठवून सांगितलं. ती म्हणाली की तिची सकाळची ड्यूटी आहे.

१३ मार्च
निर्णय झाला. बाईसाहेबांचं एक वेत. शास्त्रशुद्ध. ऑपरेशन तसंही पुढे गेलेलंच आहे. मधला वेळ वाया का घालवायचा?

लेकीला आत्ता सांगत नाही. ट्रेनिंगमध्ये तिचं लक्ष विचलित व्हायला नको. पिल्लं झाली की दाखवू.

१७ मार्च
दाताच्या डॉक्टरांकडे पिवळा लॅब्रॅडॉर आहे, नवाब. शोमध्ये बक्षिसं मिळालेला. नाक काळं, केस लोण्यासारखे. दाढ दुखते म्हणून गेलो. दाढ दुखत नव्हती.

माझा जबडा उघडा असतानाच विषय निघाला. म्हणजे मीच काढला, पण त्यांना तो कळेपर्यंत त्यांचे दोन्ही हात आत होते. आपल्या निवडीचं पहिलं पिल्लू ते घेणार असं ठरलं. मी मान हलवली. दाढ काढून झाली होती.

कडी आणली. बसवायची आहे.

२१ मार्च
बाईसाहेबांना नवाबाकडे नेलं. दाताच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत दोघांना सोडलं. बाईसाहेब खाली बसल्या. नवाब आला, हुंगलं, बाईसाहेबांनी दात दाखवले. नवाब पंख्याखाली जाऊन झोपला.

मी डॉक्टरांना म्हटलं की आपण समोर असल्यामुळे संकोच होतो. आम्ही बाहेर जाऊन चहा घेतला. परत आलो तेव्हा बाईसाहेब त्याच जागी, नवाब त्याच पंख्याखाली. पण सतरंजी थोडी सरकली होती.

मी ते यशस्वी धरलं. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला वाटतं का? मी म्हटलं, सतरंजी बघा.

२२ मार्च, दुपार
जेवून जरा आडवा झालो. उठलो तर मागचं फाटक उघडं आणि बाईसाहेब नाहीत. गल्लीच्या टोकाला गॅरेज आहे, तिथे सापडल्या. गॅरेजवाल्याचं एक काळं कुत्रं आहे, मोठ्या अंगाचं, जातीचा पत्ता नाही. नाव ग्रीस. दोघं पाठीला पाठ लावून शांत उभी होती. मैत्री झाली असावी.

मी ओढायला लागलो तर गॅरेजवाला म्हणाला, साहेब, थांबा, आपोआप सुटतील. काय सुटतील ते मी विचारलं नाही. त्यानं स्टूल दिलं. बसलो. तो हसत होता, पण तो नेहमीच हसतो.

बायकोला सांगितलं की बाईसाहेब जरा पाय मोकळे करून आल्या. त्यात खोटं काही नाही.

संध्याकाळी कडी बसवली. कामं वेळच्या वेळी केली की माणूस मोकळा होतो.

१२ एप्रिल
मेहुण्याच्या घरी बाळ बघायला गेलो. सासूबाई, मेहुणा, त्याची बायको, तिचे आईवडील, सगळे. बाळ गोड आहे. केस कुरळे. मेहुण्याचे सरळ, त्याच्या बायकोचे सरळ. कोणी काही बोलत नव्हतं, म्हणून मीच विषय काढला.

मी स्वच्छ सांगितलं की यात संशय घेण्यासारखं काही नाही. भिडस्त चिठ्ठ्या असतात, दोन पिढ्या गप्प बसतात, मग एकदम वर येतात. बाप हाच असू शकतो. शास्त्राप्रमाणे पूर्ण शक्यता आहे. तपकिरी कुत्र्यांचं उदाहरण दिलं.

मेहुण्याची बायको बाळाला घेऊन आत गेली. तिच्या वडिलांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, याला कोणी बोलावलं होतं?

रस्त्यात बायको म्हणाली, तू बोलायच्या आधी कुणालाच संशय नव्हता.

हेच मला म्हणायचं आहे. नव्हताच, आणि नसायलाच हवा.

१९ एप्रिल
लेकीचा व्हिडिओ कॉल. मोबाइल जवळ धरून बाईसाहेबांचं फक्त तोंड दाखवलं. लेक म्हणाली, हिचे गाल भरलेत का? कॅमेऱ्यामुळे तसं दिसतं म्हणालो. माझेही भरलेले दिसतात. ती म्हणाली, नाही, तुमचे बसलेत बाबा.

२४ एप्रिल
बायकोला कळलं. सांगावं लागलंच नाही. बाईसाहेब तिच्या पायाशी येऊन आडव्या झाल्या. तिनं सवयीनं पोटावर हात ठेवला, मग दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, केव्हाचं?

सगळं सांगितलं. नवाब, तुरटी, सतरंजी. तक्त्याचं चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, तुला सांगितलं काय होतं आणि तू केलंस काय. म्हणाली, पोरीला आजच्या आज सांग. सांगतो म्हटलं.

आज लेकीचा फोन व्यस्त होता. असेल. मी केला नाही, पण या वेळेला तिचा व्यस्तच असतो.

२५ एप्रिल
बायको बोलत नाही. बाईसाहेबांसाठी मात्र वेगळं शिजवते. मला त्यातलं उरलेलं मिळतं. चव बरी आहे, मीठ नाही.

३ मे
आजचा दिवस चांगला. बायकोच्या हॉस्पिटलातल्या मेट्रन घरी आल्या. त्यांना पिल्लू हवं आहे, पण सोफ्याला शोभेल असं. बरोबर सोफ्याच्या कापडाचा तुकडा आणला होता.

मी तो खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला. पिवळ्यात किंचित तांबूस. मेट्रन म्हणाल्या, असं जमेल का? मी म्हटलं, पिवळ्यातही छटा असतात, अगदी लोण्यापासून कोल्ह्यापर्यंत, पण पिवळं हे नक्की. लिहून देतो.

कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे चिंधी घेऊन आलं. त्या गेल्यावरही तुकडा हातातच होता. मागायला विसरल्या. मीही द्यायला विसरलो.

१० मे
डॉक्टरीणबाईंनी बाईसाहेबांना तपासलं. रागावल्या. हे वय पहिल्या बाळंतपणाला जरा जास्तच, वजनही जास्त, लक्ष ठेवा, काही अडलं तर थांबू नका, सरळ आणा. मग विचारलं, बाप कोण? सांगितलं. पिवळ्यांना पिवळीच, असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, ते बरोबर आहे. डॉक्टरांनी मान्य केलं! बायकोला निरोप दिला. म्हणजे टेबलावर कागद ठेवला. तिनं त्यावर भाजी निवडली.

१६ मे
लेकीला सांगायचं कसं याचा मसुदा मनात तयार आहे. सुरुवात: 'तुला एक आनंदाची बातमी.' पुढचं बाकी आहे.

मला एका जागी बसवत नाही. अंगणातून स्वयंपाकघरात, तिथून परत अंगणात. बाईसाहेबही तशाच फिरतात. आम्ही दोघं दारात एकमेकांना वाट देतो.

२३ मे
दुपारपासून सुरू झालं. बायकोला सुट्टी होती, नशीब. तिनं मागच्या खोलीत जुन्या चादरी घातल्या, पाणी उकळलं, मला दाराबाहेर उभं केलं. दाताचे डॉक्टर कॅमेरा घेऊन आले. आपलं पिल्लू पहिल्या क्षणापासून टिपायचं होतं त्यांना.

पहिलं पिल्लू आलं. काळं.

ओलं असल्यामुळे काळं दिसतं, असं मी त्यांना सांगितलं. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, हा माझा रोजचा अनुभव. बायकोनं ते पुसून कोरडं केलं. मग ते कोरडं काळं दिसायला लागलं.

दुसरं आलं. तेही ओलं.

तिसऱ्याला डॉक्टरांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. चौथ्याला ते म्हणाले की त्यांना एक पेशंट आहे.

२३ मे, पुढे
हे दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. हाताला काहीतरी हवं म्हणून.

चौथ्यानंतर बाईसाहेब कळा देत राहिल्या आणि काही येईना. बायकोनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, आडवं आहे, हलत नाही, गाडी आण. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो वॉर्डातला असणार. मी अंगणात धावलो, परत आत आलो, परत अंगणात. गाडी आमच्याकडे नाहीच. बायको स्वतः फाटकातून ओरडली आणि गॅरेजवाला व्हॅन घेऊन आला, कोणाची तरी दुरुस्तीला आलेली. मागचं दार बंद होत नव्हतं, ते मी धरून बसलो. बाईसाहेबांचं डोकं माझ्या मांडीवर. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना सांगत होतो की सगळं ठीक होईल. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

आत नेलं. दार बंद.

समोर तो तक्ता आहे. वाचवत नाही.

२४ मे
काल संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी विचारलं, बाईसाहेब? त्या म्हणाल्या, वाचली. थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती. पाचवं पिल्लूही जिवंत आहे, अशक्त आहे. गर्भाशय काढून टाकावं लागलं.

घरी आल्यावर बायको मला म्हणाली, पाचवं कोणत्या रंगाचं ते तू विचारलंच नाहीस.

खरंच नव्हतं विचारलं.

तेही काळंच.

२६ मे
शांतपणे विचार केला. लेकीनं सांगितलेलं ऑपरेशन या निमित्तानं होऊन गेलं. उशिरा, पण झालं. म्हणजे सोपवलेलं काम मी पूर्ण केलं आहे.

रंगाबद्दलही घाई करायला नको. पुष्कळ जनावरांची पहिली लव वेगळी असते. पुढे उतरते. फिकी होतात.

६ जून
पिल्लांचे डोळे उघडले. सकाळी एकेकाला उन्हात धरून बघतो. कालच्यापेक्षा किंचित फिकी वाटली. बायको म्हणाली, ऊन जास्त होतं.

९ जून
दाताच्या डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, निवडीचं पिल्लू केव्हा नेता? ते फार सभ्यपणे म्हणाले की त्यांचा हक्क ते सोडून देतात. मी अपवादांबद्दल बोलायला लागलो. चिठ्ठी कधी कधी आपोआप बदलते, लाखात एखादी. ते म्हणाले, पाचही? आणि मग म्हणाले की दुसऱ्या बाजूच्या दाढेसाठी मी नवा डॉक्टर बघावा.

११ जून
डॉक्टरीणबाईंना टाके दाखवले. पिल्लांच्या रंगाचा विषय मी सहज काढला. त्या म्हणाल्या, एवढं मनाला लागत असेल तर गालाच्या आतून कापूस फिरवून देते, तपासणीला पाठवू, बाप कोण ते कळेल. मी म्हटलं, रंग सांगायला मला मशीन लागत नाही. त्या म्हणाल्या, मग सांगा ना. दोन पिवळ्यांना काळं होतं का?

टाके छान भरलेत.

१४ जून
गॅरेजवाला पिल्लं बघायला आला. बरोबर ग्रीस. मी फाटकातच अडवणार होतो, पण त्या दिवशीची व्हॅन आठवली. ग्रीस आत आला, भिंतीशी आडवा झाला. पाचही पिल्लं लडखडत जाऊन त्याच्या अंगावर चढली. एकानं कान धरला. त्यानं डोळे मिटून घेतले.

दोन पिल्लांच्या छातीवर पांढरा ठिपका आहे. ग्रीसच्याही आहे. पुष्कळांच्या असतो.

गॅरेजवाला म्हणाला, साहेब, याचं तोंड बघा कसं झालंय. मी बघितलं. कुत्र्याच्या तोंडावरून काय कळणार? पण अगदी तसं तोंड मी एकदाच बघितलंय, आमची लेक झाली तेव्हा, हॉस्पिटलातल्या आरशात.

२० जून
मेट्रनना खरं काय ते कळवायचं. कळवतो. बाईसाहेबांना आता चालताना दुखत नाही. लेकीच्या कॉलला आज नेटवर्क नव्हतं. माझ्या बाजूनं. मुद्दाम.

४ जुलै
लेक आली. न सांगता. ट्रेनिंग संपायला अवकाश होता, रजा काढून आली. बायकोनं कळवलं होतं.

माझी सगळी तयारी होती. तक्त्याची प्रत, नाकाचा मुद्दा, तुरटी. ती आत आली आणि सरळ जमिनीवर बसली. बाईसाहेब तिच्यावर कोसळल्याच. पिल्लं मागून. बराच वेळ ती त्यांच्यात डोकं घालून बसली होती. मी उभाच. मग तिनं बाईसाहेबांना उताणं केलं आणि पोटावरचा व्रण बघितला. बोट फिरवलं त्यावरून.

मी सुरुवात केली. म्हटलं, तुला एक गोष्ट समजावून सांगतो, प्रत्येक पिल्लाला दोन चिठ्ठ्या मिळतात.

ती म्हणाली, बाबा, ती मेली असती.

मी म्हटलं, हो.

तक्ता हातातच होता.

५ जुलै
पिल्लं काळी आहेत. फिकी होणार नाहीत. ग्रीसची आहेत. त्या दिवशी दुपारीच कळलं होतं मला, स्टुलावर बसलो तेव्हाच.

हे वाचून बघितलं. खोडणार होतो. राहू दे.

२० जुलै
पिल्लं गेली. दोन गॅरेजवाल्यानं नेली. एक मेट्रननी नेलं. त्यांना आधीच सगळं माहीत होतं, बायको आणि त्या एकाच वॉर्डात. म्हणाल्या, सोफ्याचं कापड बदलते, काळ्यावर केस दिसत नाहीत. पाचवं, ते आडवं आलेलं, लेकीनं स्वतःला ठेवलं. उरलेलं एक डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात घेतलं.

ट्रेनिंग संपवून लेक आज बाईसाहेबांना घेऊन गेली. मला वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा. फोन करते म्हणाली नाही. ते ती दर वेळी म्हणते.

मी घरात फिरलो. दारात कोणी आडवं येत नाही. वाट देण्याची सवय लागली होती, थांबत होतो.

२७ जुलै
नवीन जबाबदारी. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जायला लागलो. रंगविषयक सल्लागार. त्यांना माझ्या ज्ञानाचा उपयोग व्हावा हा हेतू. पिल्लू तिथे आहे हा योगायोग. सकाळी जातो, बाकावर बसतो, लोकांना कोणाचा नंबर आहे ते सांगतो. पिल्लू माझ्या बुटावर झोपतं, म्हणून फार उठता येत नाही. पुष्कळ दिवसांनी बूट कामाला आले.

आज मांजरवाल्या बाईंनी विचारलं, माझ्या मनीला पिल्लं कोणत्या रंगाची होतील? मी विचारलं, बाप कोण? त्या म्हणाल्या, काय माहीत. मी म्हटलं, मग बघूनच सांगू. एवढं छोटं उत्तर दिल्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी आतून मान वर करून बघितलं.

लेकीचा फोन नाही. कामात असेल.

२ ऑगस्ट
लेकीचा फोन! बायकोला केला होता, पण माझ्यासाठी. बाईसाहेब दाराशी बसून असतात, नीट खात नाहीत. म्हणाली, बाबा, तुम्ही जरा बोला तिच्याशी, मी फोन तिच्या कानाशी धरते.

बोलायला पुष्कळ होतं. मी नुसतं म्हटलं, बाईसाहेब. मग परत म्हटलं, बाईसाहेब. मग म्हटलं, खाऊन घ्या.

लेक म्हणाली, शेपूट हलतंय. आणि जरा थांबून म्हणाली, बाबा, थोडे दिवस या ना इकडे.

मी म्हटलं, दवाखान्यातून रजा मिळते का बघतो.

३ ऑगस्ट
रजा मागितली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि विचारलं, कसली रजा?

त्या म्हणाल्या, तुम्ही इथे कामाला आहात होय? मला वाटलं, पिल्लाला भेटायला येता.

मंजूर झाली असं धरून चालतोय. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो.